निळ्या झाकणाची टाकी

१६ ऑक्टोबर

ही वही डॉक्टरांनी लिहायला लावली आहे. छातीच्या खाली जळतं म्हणून गेलो होतो. त्यांनी पोट दाबलं, जीभ बघितली, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "विश्वजितराव, दोन महिने रोज लिहायचं. काय खाल्लं, कधी जळलं, त्या वेळी काय चाललं होतं. सगळं खरं लिहायचं."

मी म्हणालो, मी पिकअप चालवणारा माणूस. गाडीचं पोट मला कळतं, स्वतःचं कुठलं कळणार? ते म्हणाले, गाडीचं लिहिता तसंच लिहा. बघू.

सकाळी मिसळ, कट दोनदा घेतला. दुपारी पिठलं-भाकरी. जळजळ: संध्याकाळी सहाला. त्या वेळी काय चाललं होतं: विशेष काही नाही. क्रांतीला तिच्या धाकट्या बहिणीचा, अनुजाचा फोन आला होता. तिचा नवरा यशराज नवी कोरी डिझेल पिकअप घेतोय म्हणे, पाडव्याला गाडी घरात येणार.

कारण मिसळच. उद्यापासून कट बंद.

१७ ऑक्टोबर

मिसळ नाही. दूध-भात. तरीही सकाळी अकराला जळलं.

त्या वेळी मी शोरूमसमोर होतो. कुणाला भेटायला नव्हे, वाटेत लागतं म्हणून थांबलो. गेली तीन वर्षं थांबतोय. तिथला सेल्समन मला बघून हसतो आणि न विचारता चहा सांगतो. माझ्या कपाटात त्या गाडीची चार वेगवेगळ्या सालांची माहितीपत्रकं आहेत. अडीच लिटरचं इंजिन, दोनशे न्यूटन मीटर ताकद, सतराशे किलो माल, नऊ फुटी हौदा, पॉवर स्टिअरिंग. मला सगळं पाठ. गेल्या वर्षी रस्त्यावर येईपर्यंत साडेअकरा लाख पडत होते. मी म्हटलं थोडं थांबू. आता कर कमी झाला, साडेदहाच्या आत आली. तीन वर्षं भाव काढत फिरलो मी आणि भाव उतरल्यावर येऊन घेतली कुणी? ज्यानं जन्मात ट्रॅक्टरपलीकडे काही चालवलं नाही त्यानं. वारणेकाठचा तीन एकर ऊस आणि चार म्हशी, एवढंच त्याचं ज्ञान. आता म्हणे गावातल्या गवळ्यांचं दूध गोळा करून शहरात आणणार.

माझी गाडी २०११ची. साडेचार लाख किलोमीटर. सेल्फ अडकतो, त्याला पान्यानं टिचकी मारावी लागते. मागच्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याची एक पट्टी तुटलेली आहे, चढाला टर्बो शिट्टी घालतो. पण मला तिच्या पोटातलं सगळं कळतं. आणि एक सांगतो, गाडीबद्दल कुणी विचारलं तर मी खोटं बोलत नाही. तालमीतल्या एका माणसाशी माझी चार वर्षं बोलाचाली नव्हती. त्याची गाडी काळा धूर टाकत पेठेत उभी राहिली तेव्हा मीच खाली उतरलो आणि एअर फिल्टर काढून त्याच्या हातात दिला. माणसाशी भांडण असतं, गाडीशी नसतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

श्रीखंड. पुरी सहा. जळजळ दिवसभर.

यशराजच्या दारात गाडीची पूजा. पांढरी शुभ्र. चाकाखाली लिंबू, आरशाला काळी बाहुली, हौद्यात नारळांचं पोतं. सगळं सासरचं गणगोत जमलेलं. सासूबाई धोंडुबाईंनी गाडीला ओवाळलं. माझ्या गाडीला ओवाळलं होतं का चौदा वर्षांपूर्वी, मला आठवत नाही. क्रांती म्हणते ओवाळलं होतं.

मग यशराजनं काय करावं? सगळ्यांसमोर किल्ली माझ्या हातात दिली. "दाजी, पयला गिअर तुमी टाकायचा. तुमच्या हाताची गाडी हाय." म्हणजे लोकांनी बघावं, जुन्या गाडीचा मालक नव्या गाडीत कसा बसतो ते. मी बसलो. क्लच लोण्यासारखा. गावाबाहेर जाऊन वळवून आणली. आवाज नाही, हादरा नाही. उतरताना म्हणालो, "बरी हाय. जरा हलकी वाटतीया."

त्याचं तोंड उतरलं. मग गाडीबरोबर आलेलं पुस्तक मला दिलं. "मला ह्यातलं इंग्लिश झेपत न्हाई, दाजी. तुमीच वाचा आणि काय करायचं, काय न्हाई ते सांगा." दोनशे पानांचं पुस्तक माझ्या पदरात टाकून स्वतः मोकळा.

२५ ऑक्टोबर

पुस्तक वाचून काढलं. नव्या गाड्यांना धूर कमी करायला डिझेलच्या टाकीशेजारी आणखी एक टाकी असते, तिला निळं झाकण. त्यात युरियाचं द्रावण भरायचं, तेही कॅनमध्ये बंद मिळतं ते, पंपावर नाहीतर शोरूमला. अगदी शुद्ध युरिया आणि अगदी शुद्ध पाणी. दुसरं काहीही गेलं तर गाडी स्वतःच जोर कमी करते, आणि मग एकदा बंद केली की पुन्हा चालूच होत नाही. वॉरंटी पण जाते. पान बेचाळीस. जुन्या गाडीत असलं नाजूक प्रकरण नाही. माझी गाडी रॉकेल प्यायली तरी जोतिबाचा डोंगर चढेल. बरं वाटलं वाचून.

भाकरी, मेथी. जळजळ नाही.

३ नोव्हेंबर

आज जे बघितलं त्यानं जेवण गेलं नाही, त्यामुळे खाण्याच्या रकान्यात काही नाही. तरी जळजळ आहे.

पन्हाळ्यावरच्या हॉटेलला मी नऊ वर्षं माल पोचवतो. भाजी, दूध, किराणा, पाण्याचे जार. तेवढ्या एका कामावर घर चालतं. आज माल घेऊन गेलो तर हॉटेलच्या मागच्या दाराला पांढरी पिकअप उभी. यशराज मालकांशी बोलत होता. मला बघून हात केला आणि निघून गेला, कुठल्या तरी पाहुण्याला एस.टी. स्टँडवर सोडायला आलतो म्हणाला.

मालक मला म्हणाले, "विश्वजित, तुझी गाडी ह्या पावसाळ्यात दोनदा घाटात बंद पडली. गिऱ्हाईक दुधाविना बसलं. तुझ्या साडूला मी इचारलं, तू घेशील का काम? तर म्हणतोय, आदी दाजींस्नी इचारा. लई येगळा माणूस हाय बाबा."

वेगळा म्हणजे कसा, मला चांगलं कळतं. नको म्हणून मोठेपणा घ्यायचा आणि काम आपोआप पायाशी यायचं. मला विचारा म्हणे! माझ्या कामाला मलाच विचारायला लावतो.

देवा, एकदाच असं व्हावं. त्याची ती पांढरी गाडी रस्त्यात बसावी, आणि माझ्या जुन्या गाडीनं ती बांधून ओढत न्यावी. आणि तेही सासुरवाडीच्या चावडीवरून, दिवसाढवळ्या.

९ नोव्हेंबर

मालकांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. गाडी आणखी एकदा बंद पडली तर काम दुसऱ्याला. दुसरा कोण ते नाव घेतलं नाही.

क्रांतीला म्हणालो, तुझ्या बहिणीच्या नवऱ्यानं माझ्या ताटात हात घातलाय. ती म्हणाली, "त्यांनी न्हाई घातला. तुमीच तुमचं ताट सारखं त्यांच्याफुडं नेऊन ठेवतासा. मी जातो भाजी आणाय." आणि पिशवी घेऊन गेली. बायकोच्या माहेरचं काही बोललं की असं होतं.

१२ नोव्हेंबर

मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट चढवत होतो. सकाळी सेल्फनं दगा दिला होता, चौघांनी ढकलून गाडी चालू केली होती, डोकं गरम. तेवढ्यात यशराजचा फोन. चारचौघांत स्पीकरवर घेतला, हात मोकळे नव्हते.

"दाजी, गाडीच्या पडद्यावर युरिया भरा म्हणून आलंय. ह्यो कसला म्हणायचा? आपण उसाला टाकतो त्योच काय?"

मी म्हणालो, "मग काय तर! सोसायटीच्या खताची पोती पडलीत न्हवं घरात? घाल की. उसागत गाडीला बी तुरा यील."

हमाल हसले. मीही हसलो. तिकडून तो म्हणाला, "खरंच घालू? पाण्यात इरगळून?"

मी म्हणालो, "व्हय."

आणि फोन ठेवला. तुऱ्याची चेष्टा होती. त्यानंतरचं "व्हय" कशाला म्हणालो, कळत नाही. पण एवढं कोण वेडं आहे? घालणार नाही तो.

दुपारी भाकरी. जळजळ नाही. उलट बरं वाटलं जरा वेळ.

१३ नोव्हेंबर

घातला.

मी जेवत होतो. क्रांती फोनवर अनुजाशी बोलत होती, ऐकत ऐकत मला सांगत होती. बादलीत सहा किलो युरिया विहिरीच्या पाण्यात ढवळला, अनुजाच्या जुन्या पातळानं तीनदा गाळला, द्राक्षावर औषध मारताना गाळतात तसा, आणि निळ्या झाकणाच्या टाकीत ओतला. पडद्यावरची सूचना गेली. "दाजींनी दोन हजाराचं काम पन्नासात केलं, म्हणत हुती अनुजा," क्रांती म्हणाली.

पाणी प्यायलो. अजून गाडी फारशी चालली नसणार. आत्ता फोन केला, चालू करू नको म्हणालो, टाकी उतरवून धुतली, तर काही बिघडणार नाही. पण फोन केला की त्याला विचारावंसं वाटणार, मग काल असं का सांगितलं?

उद्या करतो.

१४ नोव्हेंबर

यशराजला फोन लागला नाही.

खरं लिहायचं आहे म्हणून लिहितो. लावला नाही.

१५ नोव्हेंबर

आमच्या पेठेत बादशहाभाई आहेत. डिझेल पंपाचं काम त्यांच्याइतकं या शहरात कुणाला येत नाही. माझ्या गाडीचा पंप चौदा वर्षं त्यांच्याच हाताखालून जातोय. त्यांच्याकडे जाऊन सहज बोलल्यासारखं विचारलं, की समजा एका गिऱ्हाईकानं नव्या गाडीत शेतातला युरिया घातला तर?

त्यांनी हातातलं नोझल खाली ठेवलं. "खताच्या युरियाला कडुलिंबाचं तेल असतंय. त्यात हिरीचं पाणी म्हंजी क्षार. आठ-पंधरा दिवसांत नोझल चुन्यागत भरतंय, पंप जातोय, सगळा खर्च अंगावर. कोन हाय त्यो गिऱ्हाईक?"

"हाय एक. वारणेकडचा."

"मग आजच सांगा त्येला. आज टाकी धुतली तर वाचंल."

सांगतो म्हणालो. त्यांच्याकडे चहा घेतला, त्यानं जळजळ वाढली असावी.

१६ नोव्हेंबर, रविवार

यशराज आणि अनुजा घरी आले. गाडी दारात लावली. गल्लीतले लोक बघून गेले. त्यानं माझ्यासाठी काकवीची बाटली आणली होती, पोटाला थंड असते म्हणून. माझ्या पोटाचं त्याला कोणी सांगितलं?

बसल्या बसल्या क्रांतीला म्हणाला, "ताई, दाजींगत माणूस घरात पायजे. शोरूमवाला लुटाय बसल्याला."

बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात अनुजा म्हणाली, गाडीचा हप्ता पहिल्याच महिन्यात दुधाच्या पैशातून निघाला, काम जोरात आहे. मी तोंड मिटलं. मुद्दाम नव्हे. मिटलं गेलं.

जाताना गाडी चालू झाली तेव्हा मी कान लावला. आवाज अजून स्वच्छ होता. कदाचित काही होणारही नाही. पुस्तकवाले घाबरवायला लिहितात.

२१ नोव्हेंबर

त्याचा फोन. इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाय. "चढाला जोर न्हाई लागत, दाजी. काय आसंल?"

पान बेचाळीस समोर उघडं होतं. मी म्हणालो, "शोरूमला दाखव."

"तुमी बघा की आदी. तुमच्यापरास शोरूमला काय कळतंय?"

"मला येळ न्हाई," म्हणालो. हे खोटं नव्हतं, हॉटेलचा माल होता.

२४ नोव्हेंबर

देवाकडे मागताना माणसानं विचार करून मागावं.

पन्हाळ्याहून रिकामी गाडी घेऊन उतरत होतो. वाघबिळाजवळ रस्त्याकडेला पांढरी पिकअप, बॉनेट उघडं, यशराज डोक्याला हात लावून दगडावर बसलेला. हौद्यात रिकामे दुधाचे कॅन. पडद्यावर आलं होतं, आता गाडी सुरू होणार नाही. त्यानं चहा प्यायला म्हणून बंद केली होती आणि ती पुन्हा बोललीच नाही.

मला बघून तो धावत आला. एखाद्याला घरचं माणूस भेटावं तसा. लोखंडी रॉड माझ्या सीटखाली असतो. बांधला. माझी गाडी एका टिचकीत चालू झाली, शिट्टी घालत ओढू लागली. मागं साडेदहा लाखांची गाडी मुकाट्यानं येत होती.

वाटेत सासुरवाडी. दुपारचे बारा. चावडीवर माणसं बसलेली. एक ओरडला, "आरं, म्हातारीनं नव्या नवरीला वडली की!" सगळे हसले. कुणी शिट्टी मारली. सासूबाई पाणी घेऊन रस्त्यावर आल्या आणि माझ्या गाडीच्या टायरवर तांब्या ओतला. हळदीकुंकू नव्हतं जवळ म्हणून नुसताच हात लावून नमस्कार केला गाडीला.

मी आरशात बघितलं. यशराज स्टिअरिंग धरून हसत होता, लोकांकडे माझ्याकडे बोट करून दाखवत होता. दाजी बघा म्हणत असणार.

मागितलं होतं ते सगळं मिळालं, जागेसकट. आणि मला गाडी थांबवून उलटी करावीशी वाटत होती.

२५ नोव्हेंबर

शोरूमच्या वर्कशॉपमध्ये त्याच्यासोबत गेलो. त्यांनी टाकी उतरवली. तळाला पांढरट लगदा. पंप, नोझल, सेन्सर सगळं बदलायचं, एक लाख चाळीस हजार. वॉरंटीत बसत नाही. पार्ट यायला तीन आठवडे.

तिथला सुपरवायझर माणूस बरा होता, पण वैतागला होता. "साहेब, खताचा युरिया घालायला सांगितला कोणी?"

मी यशराजच्या डाव्या हाताला उभा होतो. एका हाताचं अंतर.

यशराज म्हणाला, "कुनी न्हाई. माजंच डोस्कं."

"गाडीबरोबर पुस्तक दिलं होतं ना?"

"दिलंतं."

पुस्तक माझ्या कपाटात आहे. चार माहितीपत्रकांच्या वर.

बाहेर आल्यावर मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलं. तो म्हणाला, "दाजी, तुमच्या हसण्यावरनं मला वाटलंतं तुमी चेष्टा करतायसा. पातळातनं गाळताना हात थांबलाता माजा. पर अनुजा म्हणाली, दाजी माणसांची चेष्टा करतील, गाडीच्या बाबतीत खोटं न्हाई बोलायचे. मग ओतला. तुमची बी चुकी व्हनारच की कवातरी. त्यात काय."

म्हणजे त्याला वाटतंय, मला माहीत नव्हतं.

माझ्या हातून चूक झाली असं समजून तो मला सांभाळून घेतोय. वर्कशॉपच्या दारात उभा राहून मला त्याचा राग आला. गाडीत पुढं, धंद्यात पुढं, आणि आता चांगुलपणातही हाच पुढं. दुसऱ्याला काही शिल्लकच ठेवत नाही.

घरी येऊन हे लिहितोय. दोन दिवस काही खाल्लेलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंनी जेवायला बोलावलं होतं. गाडी ओढली म्हणून माझा मान. पुरणपोळी, कटाची आमटी. पाट मला पहिला. यशराज स्वतः उठून माझ्या पोळीवर तूप वाढत होता.

सासूबाई म्हणाल्या, "थोरला जावई म्हंजी खांब हाय ह्या घराचा."

मी तुपाचं भांडं धरलेला त्याचा हात धरला. म्हणालो, "यशराज, मला ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?"

"युरिया चालत न्हाई ते. पुस्तकात हाय. मी वाचलंतं. तुजा फोन यायच्या आदीच वाचलंतं. आणि घातल्यावर बी येळ हुता. बादशहाभाईंनी सांगितलंतं आजच सांग म्हणून. न्हाई सांगितलं."

सासूबाईंच्या हातातली पळी आमटीत तशीच. क्रांती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती.

यशराजनं विचारलं, "का, दाजी?"

एवढाच प्रश्न. मी तीन वर्षं शोरूमला जातोय, भाव पाठ आहे, टॉर्क पाठ आहे, याचं उत्तर येईना. शेवटी म्हणालो, "गाडी तुज्याकडं आली म्हणून."

तो तुपाचं भांडं खाली ठेवून बाहेर गेला. अनुजा त्याच्या मागं गेली. पाटावर मी एकटा. सासूबाईंनी थोड्या वेळानं पळी उचलली आणि माझ्या वाटीत आमटी वाढली.

४ डिसेंबर

नव्या गाडीसाठी पतसंस्थेत पैसे टाकलेले होते त्यातले एक लाख चाळीस हजार काढले आणि वर्कशॉपला भरून आलो. पावती क्रांतीकडे दिली. ती म्हणाली, "त्येवड्यानं भागलं आसं समजू नका." समजत नाही.

मग माझी गाडी घेऊन वारणेकडे गेलो. त्याच्या दुधाची वाहतूक बंद पडली आहे, गवळी दुसरीकडे चाललेत. गाडी त्याच्या अंगणात लावली. यशराज म्हशी धूत होता. त्यानं मान वर केली नाही. किल्ली अनुजाला दिली आणि सांगितलं, सेल्फ अडकला तर पान्यानं हलकी टिचकी, चढाला दुसऱ्या गिअरच्या वर नको, टर्बोची शिट्टी ऐकून घाबरू नका. एस.टी.नं परत आलो.

हॉटेलच्या मालकांना फोन केला, दोन आठवडे माझ्याकडे गाडी नाही. ते म्हणाले, मग मी दुसरी बघतो. म्हणालो, बघा. नऊ वर्षांचं काम एका शब्दात गेलं.

१२ डिसेंबर

बारा दिवसांनी त्याचा फोन.

नमस्कार नाही, दाजी नाही. "गाडी तापलीया, काटा लालवर चाललाय. घाटात हाय. काय करू?"

मी उभाच राहिलो. "कडंला घे. लगीच बंद करू नगंस, रिकामी चालू ठेव. बॉनेट उघड. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा न्हाई, भाजशील. काटा निम्म्यावर आला की बंद कर. मग फॅनचा पट्टा दाबून बघ, सैल आसंल. सीटखाली तेरा नंबरचा पाना हाय, डायनामोचा बोल्ट सैल करून वड आणि आवळ. पाणी गार झाल्यावर घाल, त्ये बी थोडं थोडं."

"बरं."

मी विचारलं, घाटात कसा काय?

"तुमच्या हॉटेलचा माल हाय. मालकाचा फोन आलता, दुसरी गाडी लावतो म्हणून. म्हटलं, गाडी दाजींचीच येतीया, दुसरी लावू नका. आठ दिस झालं."

आठ दिवस तो माझ्या गाडीनं माझं काम करतोय, आणि मला सांगितलंही नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, "दाजी, खरं सांगताय न्हवं?"

गाडी माझी. इंजिन माझं. मी चुकीचं सांगितलं तर तापून इंजिनचं हेड माझंच फुटणार. तरी त्याला विचारावं लागलं.

"खरं सांगतोय," म्हणालो.

"बरं," म्हणाला आणि ठेवला.

१५ डिसेंबर

उद्या डॉक्टरांकडे वही घेऊन जायचं आहे.

आज बादशहाभाई भेटले. म्हणाले, शुक्रवारी तुमच्या साडूचा फोन होता, काटा लालवर गेला तर काय करायचं विचारत होता. "मी इचारलं, विश्वजितला का न्हाई इचारलं? तर म्हणाला, त्यांनी सांगितलंय, पर एकदा तुमी बी सांगा."

"मग तुमी काय सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगनार? बॉनेट उघड, झाकणाला हात लावू नगं, पट्टा आवळ. तुमी दुसरं काय सांगितलंतं?"

"त्येच," म्हणालो.

घरी आलो. कपाटातलं पुस्तक काढलं, पान बेचाळीसला दोरा घातला आणि क्रांतीकडे दिलं, यशराजला पोचवायला. माहितीपत्रकं रद्दीत घातली.

खाल्लं: सकाळी दूध-भाकरी, दुपारी ताक-भात. मिसळ त्या पहिल्या दिवसानंतर एकदाही नाही, चहा बंद, तिखट बंद. जळजळ: आहे. त्या वेळी काय चाललं होतं ते वर लिहिलं आहे. दोष गोळ्यांचा नाही, त्या बदलू नका म्हणून डॉक्टरांना सांगणार आहे.